भोंगा कोणी वाजवायचा?

"तू ज्या इंटरनेटची बाजू घेतेस ना ताई, ते आता राहिलेलंच नाही," धाकट्याने सुरुवातच अशी केली. "तुझ्या वेळी माणूस इंटरनेटवर जायचा. जायचा म्हणजे पायात चपला घालून जायचा आणि तासाभराने उठून घरी यायचा. आता ते आपल्याकडे येतं आणि रात्रभर उशाशी बसतं."

ताईला हे अजिबात पटलं नाही. "तुला उशाशी मिळालं म्हणून तू असं बोलतोस. ज्यांना त्याच्यासाठी एसटीने विट्याला जावं लागत होतं, त्यांना विचार."

दोघं सख्खे बहीणभाऊ. ताई १९८२ची, सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. धाकटा १९९४चा, हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना अमेरिकेतली प्यू ही संशोधनसंस्था मिलेनियल म्हणते, म्हणजे हे दोघं एकाच पिढीची दोन टोकं. गावातल्या शिक्षिकेने मोबाइलला नावं ठेवावीत आणि आयटीतल्या मुलाने त्याचे गोडवे गावेत, असं कुणालाही वाटेल. या घरात नेमकं उलट आहे. गौरी-गणपतीला सगळे जमले असताना रंगलेला त्यांचा वाद म्हणूनच मुळातून ऐकण्याजोगा आहे.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. पंधरवड्याने, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. ताई तेव्हा तेरा वर्षांची होती आणि धाकटा जेमतेम वर्षाचा. या दोन्ही गोष्टी त्यांच्या गावापर्यंत पोचायला मात्र आणखी काही वर्षं जावी लागली, आणि ताईला ती वर्षं चांगली आठवतात.

तिने पहिल्यांदा इंटरनेट पाहिलं ते विट्याच्या एका सायबर कॅफेत. प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेले चिंचोळे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक जाडजूड मॉनिटर, दाराशी एक वही. वहीत नाव लिहायचं, आल्याची वेळ टाकायची. तासाला पंचवीस-तीस रुपये पडत. मोडेम किंचाळत जोडला जाई आणि पान वरून खाली, पट्टीपट्टीने उघडे. काय शोधायचं, कोणता पत्ता टाकायचा, हे ती घरूनच कागदावर लिहून नेई. कारण तिथे बसून विचार करत राहणं परवडत नसे. डी.एड.च्या प्रवेशाची यादी तिने अशीच पाहिली, आणि ई-मेलचा पासवर्ड बँकेच्या खातेक्रमांकासारखा स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर जपून ठेवला.

"बघ, तूच सांगतेस," धाकट्याने तिला तिथेच धरलं. "कागद घेऊन जायचीस. काय हवंय ते ठरवून जायचीस. मीटर चालू असायचं. मला तो मीटर कधी दिसलाच नाही."

हे म्हणणं पूर्ण खरं नाही. पैशाचा काटा धाकट्यानेही पाहिलेला आहे. १ मे २००३ पर्यंत आपल्याकडे आलेला कॉल उचलायलाही पैसे पडत होते, आणि त्यातूनच या पिढीने मिस्ड कॉलची एक अख्खी भाषा तयार केली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला ये. त्याच वर्षी आलेला नोकियाचा ११०० हा बॅटरीवाला फोन वडिलांनी घेतला, तेव्हा त्यातल्या कॉलपेक्षा गोठ्यात उजेड पडतो याचं घरात जास्त अप्रूप होतं. पुढे एसएमएसची पॅक आली, तर दिवाळी-संक्रांतीला नेमकी ती चालत नसत आणि शुभेच्छा आदल्या रात्रीच उरकाव्या लागत. धाकट्याने इंजिनिअरिंगला असताना महिन्याला एक जीबी डेटा पुरवून वापरलेला आहे. तेवढ्यासाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत.

मग २०१६ आलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, ५ सप्टेंबरला जिओ आलं, ८ नोव्हेंबरला नोटबंदी. धाकट्याच्या मते त्याच्या पिढीचं आयुष्य १९९५ने नव्हे, तर या एका वर्षाने बदललं. महिनाभराचा डेटा रोज मिळू लागला आणि वापर थांबवायला खिशाचं जे कारण होतं, ते एका झटक्यात नाहीसं झालं.

"मग ते वाईट झालं का?" ताईने विचारलं. तिचा आवाज आता चढला होता, कारण हा तिच्या जिव्हाळ्याचा विषय. "एमकेसीएल २००१ला निघालं. त्यानंतर तालुक्यातालुक्यांत एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले. माझ्याबरोबर त्या वर्गात तेवीस मुली होत्या, त्यातल्या निम्म्या जणींना घरून एकटं बाजारात जायचीही परवानगी नव्हती. पण सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर बापांनी स्वतः आणून सोडलं. स्थळाच्या परिचयपत्रात 'एमएस-सीआयटी' लिहायला लागले लोक. तुला आज हसू येईल. पण माउसवर हात ठेवताना त्या मुलींचे हात थरथरत होते, ते मी पाहिलंय."

धाकटा हसला नाही. तो म्हणाला, "ते शिकणं होतं गं. मी त्याच्याबद्दल बोलतच नाही."

तरी ताईने आपला मुद्दा सोडला नाही, आणि तिच्याजवळ भक्कम उदाहरण होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९मध्ये रुजू झाले तेव्हा शाळेची पडकी इमारत जनावरांच्या गोठ्याला लागून होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. स्कॅन केला की कविता ऐकू यावी, धडा दिसावा, मुलीला शाळेत येता आलं नाही तरी तो घरी उघडावा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीच ही कल्पना उचलली. डिसेंबर २०२०मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा त्यांचं वय होतं बत्तीस. म्हणजे ताई आणि धाकट्याच्या मधोमधचे.

"हे आपल्याच पिढीने केलं," ताई म्हणाली. "यंत्र वरून आलं. त्याचं काय करायचं ते आपण ठरवलं."

धाकट्याची अडचण नेमकी या 'ठरवलं' शब्दाशी होती. हिंजवडीत येण्याआधी तो मोबाइल ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत होता, आणि तिथलं काम त्याने ताईला पहिल्यांदाच सविस्तर सांगितलं. एका बटणाचा रंग ठरवायचा असेल तर अर्ध्या वापरकर्त्यांना लाल दाखवायचा, अर्ध्यांना निळा. आठवड्याने आकडे काढायचे. कोणत्या रंगाने माणूस आत जास्त वेळ थांबला? तो ठेवायचा. मग सूचनेची वेळ. दुपारी पाठवली तर किती जण आत येतात, रात्री साडेदहाला किती? रात्री जास्त येतात, कारण तेव्हा माणूस थकलेला असतो आणि नाही म्हणायची ताकद कमी झालेली असते. मग रात्रीची वेळ पक्की. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, असं त्याने दोनदा सांगितलं. बैठकीत सगळे चांगली माणसंच होती. फलकावर फक्त एक आकडा असायचा आणि तो वाढवायचा असायचा.

"अंगठा वर सरकवत राहिलो तरी पान संपतच नाही ना, ते २००६मध्ये एझा रास्किन नावाच्या माणसाने बनवलं. १९८४चा आहे तो, म्हणजे तुझ्याच वयाचा. पुढे त्याने जाहीरपणे त्याची खंत व्यक्त केली. फेसबुकचा झुकरबर्गही १९८४चाच. म्हणजे हे आपल्या पिढीवर कुणी लादलंय असंही नाही, ताई. आपल्याच पिढीने बनवलं आणि आपणच त्यात अडकलो. जेवणाच्या ताटाला तळ दिसतो म्हणून आपण थांबतो. तो तळच काढून टाकला."

इथे ताई क्षणभर थांबली, पण हरली नाही. तिने वडिलांचा विषय काढला. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. त्याआधी त्यासाठी तलाठ्याची वाट बघत किती फेऱ्या व्हायच्या, हे धाकट्याला माहीत नाही, कारण त्या फेऱ्या ताईने मारल्या. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी आली. आपल्या रानात काय उभं आहे, याची नोंद आता शेतकरी स्वतः करतो. ताई दर हंगामात वडिलांबरोबर बांधावर जाते. ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं. मग सोयाबीनमध्ये उभं राहून फोटो काढायचा, कारण फोटोबरोबर जागेचीही नोंद होते. रेंज गेली तर बांधावरच्या बाभळीपाशी जायचं, तिथे एक काडी येते. नोंद झाल्याचा संदेश आला की वडील तो दोनदा वाचतात. आपल्या पिकाची नोंद आपल्या हाताने झाली, याचं त्या माणसाला केवढं समाधान असतं ते बघायला एकदा तू रानात ये, असं ती म्हणाली.

"आणि तू नसतीस तर?" धाकट्याने विचारलं.

हा प्रश्न साधा नव्हता. या पिढीने घरोघर एक काम विनामोबदला, विनातक्रार अंगावर घेतलं आहे. वरच्या पिढीचं आणि खालच्या पिढीचंही डिजिटल आयुष्य तीच चालवते. आईच्या फोनवर पेन्शनचा हयातीचा दाखला, वडिलांचं पीक विमा पोर्टल, सासऱ्यांचं बँकेचं केवायसी, मुलाच्या शाळेची लिंक. ऑगस्ट २०२५मध्ये देशात एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. त्यातल्या कितीतरी व्यवहारांमागे मुलाला किंवा मुलीला केलेला एक फोन आहे: 'हे काय आलंय, दाबू का?' आणि तो फोन न करता बटण दाबलं गेलं, की काय होतं तेही आता घराघराला ठाऊक आहे. पोलिसाचा वेष घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणाऱ्यांनी वयस्कर माणसांची आयुष्यभराची पुंजी नेली. सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक ताईने आई-वडिलांच्या फोनमध्ये सगळ्यात वर, देवाच्या फोटोखाली लावून ठेवला आहे.

म्हणजे ताईची बाजू खोटी नाही आणि धाकट्याचीही नाही. पण दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखीच गृहीत धरलेली होती, आणि तिथे दोघंही चुकतात असं वाटतं. ताई म्हणत होती, नीट वापरणाऱ्याला काही होत नाही. धाकटा म्हणत होता, नीट वापरता येऊच नये असं ते बनवलंय. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकटा माणूस आणि त्याचा फोन एवढंच होतं. खरं पाहता या पिढीच्या डिजिटल इतिहासातले मोठे प्रसंग एकट्याच्या संयमाने सुटलेले नाहीत.

पालघरचंच घ्या. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सगळं बंद होतं. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. एक लाइक, एवढाच दुसरीचा गुन्हा. तेव्हा कितीतरी घरांत आयांनी मुलींना सांगितलं असेल, बाई, फेसबुकवर काही लिहू नकोस. पण प्रश्न त्याने सुटला नसता. दिल्लीतली श्रेया सिंघल ही त्याच वयाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी अशा अटकेचा आधार असलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलमच रद्द झालं.

राईनपाड्याची आठवण याहून फार जड आहे. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या. सोलापूरकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. देशभरात अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर आलेली ती मर्यादा फार उशिरा आली, हे म्हणायलाच हवं. पण 'विचार करून फॉरवर्ड करा' या उपदेशाने जे झालं नसतं, ते त्या पाचच्या आकड्याने थोडंफार केलं.

ताईलाही हे नवं नव्हतं, कारण तिच्या शेजारच्याच गावात तिने असं एक उदाहरण पाहिलेलं होतं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे ऑगस्ट २०२२मध्ये सरपंच विजय मोहिते यांनी एक प्रयोग सुरू केला. करोनात मुलांच्या हाती आलेला फोन शाळा सुरू झाल्या तरी सुटत नव्हता. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची सभा घेतली, त्यांनी होकार दिला. रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजायचा. टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला अंगणवाडीच्या ताई, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीची माणसं घरोघर जाऊन सांगत फिरली.

"त्यात गंमत काय आहे सांगू?" ताई म्हणाली. "सगळ्यांचा बंद होतो. बापाचा चालू आणि पोराचा बंद, असं नाही."

हा फरक महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतू चांगलाच होता. पण पोराच्या हातून फोन काढून बाप तोच पाहत बसला, तर पोरगं फक्त अठरा पूर्ण व्हायची वाट पाहतं. वडगावची रीत जास्त शहाणपणाची वाटते ती यासाठी, की दीड तासासाठी कुणाला मागे राहिल्याची भीतीच उरत नाही. ग्रुपवर कोणीच नसतं.

धाकट्याने आता वेगळ्याच बाजूने विचारलं. "तुझ्या वर्गाच्या पालकांचा ग्रुप आहे ना? ॲडमिन कोण?"

"मीच."

"अभ्यास किती वाजता टाकतेस?"

ताईने उत्तर द्यायला वेळ घेतला. ती रात्री नऊच्या सुमाराला टाकते. शाळा, घरचं काम, मग वरून आलेल्या 'तातडीने माहिती भरा'च्या लिंका, त्या सगळ्यातून मोकळी झाली की. वरची लिंक रात्री येते म्हणून तिचा अभ्यास रात्री जातो, आणि तो आला की बावीस घरांत मुलाच्या हातात पुन्हा फोन द्यावा लागतो. "फळ्यावर लिहून देते उद्यापासून," ती म्हणाली. "जुन्यासारखा. शाळा सुटायच्या आत. आणि आठनंतर ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल, असं करून ठेवते. पण वरून येणाऱ्या लिंकांचं मी काय करू?"

"तेच माझं," धाकटा म्हणाला. "वडगावात भोंगा वाजतो तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ झालेले असतात. आमच्या क्लायंटचा दिवस तेव्हा सुरू होतो. गावातले फोन ज्या वेळी बंद होतात, नेमका त्या वेळी माझा पहिला कॉल लागतो. एकट्याने बंद करून बघितला मी. तीन दिवसांत मॅनेजरने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना."

कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क हा विषय आपल्याकडे संसदेत निघालेला आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा होणं आपल्याकडे जवळपास घडतच नाही. १९७०नंतर एकही झालेला नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना याबाबत कामगारांशी वाटाघाटी कराव्याच लागतात. आपल्या कंपन्या त्याच फ्रेंच ग्राहकांचं काम रात्री उशिरापर्यंत करतात, तेव्हा त्यांच्या माणसाला कायदा आहे आणि आपल्या माणसाला नाही. हे थांबायला हवं, आणि ते मागायचं कुणी, हा प्रश्न या पिढीने टाळता कामा नये. ती आता मुलं राहिलेली नाही. सरपंच, मुख्याध्यापक, टीम लीडर, ग्रुपची ॲडमिन, सगळीकडे तीच बसली आहे.

"तुझा मॅनेजर कोणत्या सालचा?" ताईने विचारलं.

"पंच्याऐंशीचा. दोन मुलं आहेत त्याला. त्याची बायको रोज आठला त्याला जेवायला बोलावते, आम्हाला कॉलवर ऐकू येतं."

"मग त्याच्याशी बोलायला काय हरकत आहे? तुमच्या टीममधल्या नऊ जणांत कुणीतरी सरपंच व्हायला पाहिजे."

धाकट्याने लगेच हो म्हटलं नाही. क्लायंटला विचारावं लागेल, पहिल्यांदा टीममधल्या चौघांना तरी बरोबर घ्यावं लागेल, नाहीतर एकट्याचंच नाव पुढे येतं, असं तो म्हणाला. मग त्याने कॅलेंडर उघडून ताईला दाखवलं. पाच दिवस, पाच निळे चौकोन, सगळे सातला सुरू होणारे. मंगळवार आणि गुरुवारचे कॉल साडेपाचला घेता येतील का ते विचारायचं, तिकडच्या लोकांना आठवड्यातून दोनदा लवकर उठावं लागेल, असं त्याने ठरवलं. ताईने विचारलं, तिकडे लवकर म्हणजे किती वाजता? सकाळचे आठ, तो म्हणाला. ताईची शाळा साडेसातला भरते.